मधल्यांची सहल

एका राजकीय पक्षाच्या कार्यालयात नोकरी केली, असं सांगितलं की समोरचा माणूस पुढं काही विचारत नाही, नुसता बघतो. हिनं काय काय पाहिलं असेल, त्यातलं हिच्या वाट्याला किती आलं असेल आणि आता ही आपल्याला कशात गुंतवणार आहे, हे सगळे हिशेब त्या बघण्यात असतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मीही माणसांकडं तसंच बघते. त्या नोकरीनं एवढी एकच सवय मला दिली आणि नोकरी सुटल्यावरही ती परत घेतली नाही.

आमचा पक्ष लहान. नाव 'उदार मध्यम पक्ष', पण नांदेड-लातूरकडं लोक आम्हाला 'मधले' म्हणायचे. दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकच कार्यालय होतं, नांदेडला वजिराबादेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. माणसाला बोलायचं, लिहायचं, आपल्या मनानं जगायचं स्वातंत्र्य पाहिजे आणि सरकारनं गरिबाच्या पाठीशीही उभं राहिलं पाहिजे, असं आमचं म्हणणं. म्हणण्यात वावगं काही नव्हतं, पण ते कुणालाच पुरायचं नाही. गावात दोन गटांचं भांडण पेटलं की दोघांनीही शांत राहावं असं पत्रक आम्ही काढायचो, आणि दोन्ही गट तेच पत्रक हातात घेऊन आमच्या जिन्यावर चढायचे.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते, किनवटच्या लाईनवर. घरात रोज बुद्धवंदना व्हायची. मला टायपिंगवर या पक्षात काम मिळालं तेव्हा नाव ऐकून ते खूश झाले. मध्यम मार्ग म्हणजे आपलाच की, असं म्हणाले. मत मात्र त्यांनी आम्हाला एकदाही दिलं असेल असं मला वाटत नाही. विचारलं की मिशीत हसायचे.

टायपिस्टची पुढं मी कार्यालय सचिव झाले. म्हणजे काय, ते सांगते. सभेची परवानगी, भोंग्याची परवानगी, खुर्च्या, हार, पेपरवाल्यांना फोन, हे दिसणारं काम. न दिसणारं काम म्हणजे माणसांवर नजर ठेवणं. फोन आला की कोण जिन्यात जाऊन बोलतो, कुणाच्या गाडीवरचा झेंडा धुवायला म्हणून निघाला तो परत लागलाच नाही, कुणाच्या घरच्या लग्नात कोण पहिल्या पंगतीला होतं. हे सगळं मी वकीलसाहेबांना सांगायचे. वकीलसाहेब म्हणजे आमचे विभागीय अध्यक्ष, लातूरचे. बोलायला गोड, वाचन दांडगं, स्वातंत्र्य या विषयावर त्यांचं भाषण ऐकून मी पहिल्या वर्षी रडले होते.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एक गृहस्थ दर निवडणुकीआधी पक्षप्रवेश करायचे. हार घालून घ्यायचे, फोटो काढायचे आणि तो फोटो दाखवून दुसऱ्या पक्षात बरी जागा मिळवायचे. तिसऱ्या खेपेला मी हार आणलाच नाही. तर ते स्वतःचा घेऊन आले.

पण आज सांगायचं आहे ते सहलीबद्दल. आमच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पंचायत समितीचा सभापती लोक निवडत नाहीत, निवडून आलेले सदस्य हात वर करून निवडतात. दोन बाजू बरोबरीत आल्या की एकेक हात मोलाचा होतो. मग आपले सदस्य पलीकडच्यांनी पळवू नयेत म्हणून आपणच त्यांना आधी पळवायचं. कुठंतरी लांब न्यायचं, फोन काढून घ्यायचे, खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहाच्या दारात उतरवायचं. याला सहल म्हणतात. मोठ्या पक्षांचे लोक गोव्याला जातात. आम्ही इस्लापूरला गेलो.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात, नाव सांगत नाही, आमचे तीन सदस्य निवडून आले होते. त्या तालुक्यात एका बाजूला कारखानेवाले, म्हणजे साखर कारखाना ज्यांच्या ताब्यात ते. दुसऱ्या बाजूला संस्थावाले, म्हणजे शाळा-कॉलेजं ज्यांची ते. दोघं बरोबरीत आणि मध्ये आमचे तीन. संस्थावाल्यांना पाठिंबा द्यायचा हे ठरलेलं होतं. उपसभापती आमचा होणार, हेही ठरलं होतं.

तिघांची ओळख करून देते. शिवप्पा अण्णा भुसार व्यापारी, लिंगायत, पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. तेच आमचे गटनेते आणि उपसभापतिपद त्यांनाच मिळायचं होतं. दुसरे सय्यद गुरुजी, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. तिसरी रेखा, तिशीची, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिच्या गावच्या ओढ्यात कारखान्याचं मळीचं पाणी यायचं. विहिरीतून बादली काढली की वास यायचा, लेकरांच्या अंगावर फोड उठायचे. काही झालं तरी आम्ही कारखानेवाल्यांबरोबर बसणार नाही, असा शब्द वकीलसाहेबांनी तिच्या गावच्या पारावर उभं राहून दिला होता. मी तिथं होते. तिला मतं मिळाली ती त्या शब्दावर.

आणि तरीही संशय तिच्यावरच होता. तिचा नवरा जीप चालवायचा आणि ती जीप कारखान्याकडंच लागलेली होती. फुटली तर हीच फुटणार, असं वकीलसाहेब म्हणाले आणि मला तिच्या खोलीत ठेवलं. मी तिची सोबत होते असं तिला सांगायचं होतं. तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, तुमी माझी सोबत का पहारा?" मी म्हणाले, दोन्ही. ती हसली नाही.

इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंडाच्या अंगाला एका ओळखीच्या माणसाचं शेतातलं घर होतं. भोवती तारेचं कुंपण, लोखंडी फाटक. पोचल्याबरोबर वकीलसाहेबांनी सगळ्यांचे फोन एका पिशवीत घेतले आणि फाटकाला स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. व्यक्तिस्वातंत्र्याचा पक्ष आमचा. गुरुजींनी आपला साधा फोन पिशवीत टाकताना म्हटलं, की या फोनवर फक्त बायकोचा फोन येतो आणि तीही फक्त औषध घेतलं का विचारते. वकीलसाहेब म्हणाले, औषधाची आठवण वत्सलाताई करतील. वत्सलाताई म्हणजे मी.

जेवणं चांगली होती. अण्णांसाठी वेगळा स्वयंपाक होता. बाकी दिवसभर माणसं एकमेकांकडं बघत बसायची. अण्णा पूजेला बसले की दार लावून घ्यायचे, तेव्हा मला वाटायचं आत दुसरा फोन असेल. गुरुजी कुंपणाच्या कडेनं फिरायचे, तेव्हा वाटायचं कुणाची वाट बघतात. रेखा तर काहीच करायची नाही, नुसती उत्तरेकडच्या डोंगराकडं तोंड करून बसायची. त्याचा संशय सगळ्यात जास्त यायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिचं माहेर तिथून जवळच होतं, किनवट तालुक्यातल्या जंगलातलं एक गाव. आई एकटी होती, डोळ्यांनी अधू झालेली. सासरचे बस-गाडीचा एवढा लांबचा प्रवास करू देत नव्हते, म्हणून दोन पावसाळे भेट नव्हती. मी म्हणाले, मग जागा ठरली तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी जागा बदलून टाकली असती."

खरं होतं. बदललीच असती.

वकीलसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांना माहीत असलेली गोष्ट मला तेव्हा कळली. रेखाचा सख्खा भाऊ, मारोती, कारखानेवाल्यांच्याच पक्षाचा किनवटमधला कार्यकर्ता होता. मला वाटलं आता ते नाही म्हणणार. पण थोडा वेळ अंगणात फेऱ्या मारून ते म्हणाले, जाऊ द्या, उपाशी बाईला घेऊन मतदानाला गेलो तर पेपरात येईल. तुम्ही बरोबर जा आणि आल्यावर मला सगळं सांगा.

गाडी वकीलसाहेबांचीच, ड्रायव्हरही त्यांचाच. नाल्यामुळं ती गावात जात नव्हती, रस्त्यावर ठेवून आम्ही सागाच्या झाडांतून पायी गेलो. आईनं रेखाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, मग माझं चाचपलं आणि विचारलं, तुमी पोलिसात हाव का? मी न्हाई म्हटलं. मग लेकीसंगं कशाला आल्या, असं तिनं विचारलं. तिनं मला अंगणातल्या बाजेवर बसवलं आणि कोरा चहा दिला.

चहा संपायच्या आत मोटारसायकल आली. मारोतीच होता. बहीण आल्याचं त्याला कुणी कळवलं हे मी आजही सांगू शकत नाही. तो मला रीतसर नमस्कार करून आत गेला आणि दार ओढून घेतलं. मी उठून दाराशी जायला पाहिजे होतं, माझी नोकरीच ती होती. पण म्हातारीनं माझा हात धरून ठेवला होता आणि ती मला रेखाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. ती मुद्दाम धरून बसली होती का, असाही संशय मला तेव्हा आला. आतून आवाज येत होते, शब्द येत नव्हते. एकदा रेखाचा आवाज चढला आणि लगेच बसला.

परतताना झाडांत, गाडी अजून दिसत नव्हती तिथं रेखा थांबली. म्हणाली, "ताई, भाऊ म्हणून राहिला का वकीलसाहेब परवाच त्याच्या सायबांला भेटून आले, आता सौदा पक्का होऊन राहिला. आपले तिन्ही हात कारखान्याला जाणार हाव. तू एकटी भांडू नको म्हणला."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. माणसं आपसात लावून द्यायची ही विरोधकांची नेहमीचीच रीत. मी स्वतःही एकदोनदा तशी पत्रकं टाइप केलेली. भावानं हे पिल्लू सोडलं आणि बहिणीनं ते माझ्यापर्यंत आणलं, किंवा भावाबिवानं काही सांगितलंच नाही आणि फुटायला कारण पाहिजे म्हणून तिनंच रचलं. मी तिला एवढंच म्हणाले, की हे कुणाजवळ बोलू नकोस. ती म्हणाली, मी तर तुमच्याजवळ बोलले.

वकीलसाहेबांना मी सांगितलं की आई भेटली, चहा झाला, परत आलो. मारोतीचं नाव घेतलं नाही. सांगितलं असतं तर रेखाचं राजकारण तिथंच संपलं असतं. न सांगता ती फुटली असती तर माझी नोकरी संपली असती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच काही लपवत होते आणि मनातून मला त्याचं बरं वाटत होतं, हेही खरं.

पण ड्रायव्हरनं मोटारसायकल पाहिलेली असणार. मी वाट बघत होते की साहेब मला बोलावून झाडतील. त्यांनी बोलावलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोनची पिशवी आणून सगळ्यांचे फोन परत दिले. म्हणाले, घरच्यांशी बोला, काळजी करत असतील. फाटक उघडंच होतं. अण्णा पूजा आटोपून बाहेर आले ते अगदी प्रसन्न होते. दुपारी सगळ्यांना धबधबा बघायला नेलं, आणि तिथं आमच्या माणसांत आणि रस्त्यावरच्या माणसांत काही आडकाठी राहिली नव्हती.

कठड्याशी गुरुजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पाण्याच्या आवाजात आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवशी हा माणूस आम्हाला मोजत होता. आज मोजत न्हाई. काय समजायचं?"

मला समजलं होतं. आपली माणसं कुणी पळवेल ही भीती ज्याला होती, त्याला ती आता उरली नव्हती, कारण पळवणाऱ्यांकडंच आम्ही सगळे निघालो होतो. पण समजलं म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. शंका मनात ठेवून मी रात्रीचं जेवण वाढलं, दुसऱ्या दिवशी सामान गाडीत भरलं. साहेबांना तोंडावर विचारायचं धाडस मला झालं नाही. खोटं बोलले असते तर मी काय करणार होते? आणि खरं बोलले असते तर?

मतदानाच्या दिवशी तालुक्याच्या गावाबाहेर गाडी थांबली. वकीलसाहेब पुढच्या सीटवरून वळले आणि पक्षादेश वाचून दाखवला. पक्षादेश म्हणजे पक्षाचा हुकूम, तो मोडला तर सदस्यत्व जातं. त्यात कारखानेवाल्यांच्या उमेदवाराचं नाव होतं. खाली गटनेते म्हणून अण्णांची सही होती. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

रेखानं विचारलं, "मी गावाला काय सांगू?"

साहेब शांतपणे म्हणाले, "परिस्थिती बदलली म्हणून सांगा. आपण मधले आहोत ताई. आपल्याला दोन्ही बाजू मोकळ्या असतात."

सभागृहात मला प्रवेश नव्हता. व्हरांड्यातल्या खिडकीतून मी बघत होते. पीठासीन अधिकाऱ्यांनी संस्थावाल्यांच्या उमेदवाराचं नाव पुकारलं आणि रेखाचा हात सगळ्यात आधी वर गेला. आधारासाठी तिनं दुसऱ्या हातानं खुर्ची धरली होती. मग कारखानेवाल्यांचं नाव पुकारलं. अण्णांचा हात गेला. गुरुजींचा गेला, पण मान खाली होती. कारखानेवाले निवडून आले. बाहेर गुलाल उडाला आणि तो वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावरही पडला, त्यांनी झटकला नाही.

त्यानंतर जे झालं ते मला अजून सरळ सांगता येत नाही. तिघांत शब्द पाळला तो एकीनं, आणि फुटीर ठरली ती तीच. तिचं सदस्यत्व रद्द करावं म्हणून पक्षानं कलेक्टरांकडं अर्ज केला आणि साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. ड्रायव्हरनं मोटारसायकल खरंच पाहिली होती. साहेबांनी ते या दिवसासाठी जपून ठेवलं होतं. मला त्यांनी प्रेमानं समजावलं. मी फक्त पाहिलं तेवढं सांगायचं होतं, खोटं काही बोलायचं नव्हतं.

लातूरला सुनावणी झाली. रेखा समोर बसली होती, नवऱ्याबरोबर. त्याची जीप कारखान्यानं तोवर काढून टाकली होती. मला विचारलं, विरोधी पक्षाचा कार्यकर्ता यांना भेटला का? मी भेटला म्हणाले. काय बोलणं झालं? मी म्हणाले, ते मी ऐकलं नाही, पण परतताना यांनी मला सांगितलं ते ऐकलं. आणि वकीलसाहेबांबद्दल मारोती जे म्हणाला होता ते मी सगळं सांगितलं. साहेब उठले आणि नम्रपणे म्हणाले, ही ऐकीव माहिती आहे, तीही रेखाबाईंच्या स्वतःच्या तोंडून आलेली. ती नोंदवून घेतली नाही. भेट झाली, एवढं नोंदवलं; मारोती ज्यांचा माणूस, त्यांनाच मत द्या असा पक्षादेश होता, हे कुणी विचारलं नाही. रेखाचं सदस्यत्व गेलं. कायद्यात ते बरोबरच होतं. हुकूम मोडला होता.

निकालाचं पत्रक टाइप करायला माझ्याकडंच यायचं होतं. गद्दारांना पक्षात थारा नाही, असा मथळा साहेबांनी फोनवर सांगितला. मी म्हणाले, माझ्या हातून हे होणार नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, वत्सलाताई, तुमच्यावरही लोक संशय घेत आहेत, मीच त्यांना थांबवतो आहे. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. पुढं साहेबांना एका महामंडळावर घेतलं. गुरुजींनी राजीनामा दिला, कारण तब्येतीचं लिहिलं. पक्ष अजून आहे. दवाखान्यावरची पाटीही आहे, अक्षरं उडाली आहेत.

एवढंच असतं तर मी हे लिहायला घेतलं नसतं. गेल्या वर्षी लातूरला एका लग्नात रेखा भेटली. आता ती गावातल्या बायकांना घेऊन ओढ्याच्या पाण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. विहीर अजून तशीच आहे, पण पाण्याचे नमुने नेले म्हणाली. आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्या घेऊन बसलो. आई गेल्याचं तिनं सांगितलं. मी तिला म्हणाले, त्या दिवशी झाडांत तू बोललीस ते मी सुनावणीपर्यंत कुणालाही सांगितलं नाही, तुझ्यासाठी गप्प राहिले. मला वाटलं होतं की तिला हे ठाऊक असावं, आणि एकदा तरी तिच्या तोंडून बरं ऐकायला मिळावं.

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "ताई, मी ते तुमाला कामून सांगितलं होतं? सगळे म्हणायचे, या बाईला सांगितलेलं साहेबाच्या कानावर जातंच. मला ते त्यांच्या कानावर घालायचं होतं. आपलं बिंग फुटलं हे कळलं असतं तर भ्याले असते. मी वाट बघून राहिले होते का तुमी सांगाल म्हणून."

मांडवात अक्षता वाटायला सुरुवात झाली होती. एका बाईनं आमच्या दोघींच्या ओंजळीत अक्षता दिल्या. रेखा उठून पुढं गेली. मी बसूनच राहिले, आणि मंगलाष्टकं संपली तरी माझी मूठ मिटलेलीच होती.